दार नसलेल्या गाडीचं दार

जीपला दार नव्हतं.

म्हणजे आपल्याकडे जिला अजूनही सरसकट 'जीप' म्हणतात, मग ती कोणत्या का कंपनीची असेना, ती गाडी जन्माला आली तेव्हा तिला दार नव्हतं. छप्पर म्हणावं असं छप्परही नव्हतं. पुढे एक काच होती, तीही बॉनेटवर आडवी पडणारी. हे एकदा लक्षात घेतलं की पावसाळ्यात तिच्या दाराखालून येणारं पाणी, चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर टपकणारे थेंब आणि अंगठा दुखेपर्यंत दाबूनही न उघडणारा खटका, या सगळ्यांकडे जरा निराळ्या नजरेने बघता येतं. निदान मला तरी आलं. चौतीस वर्षं इतिहास शिकवल्यावर माणसाला अशी खोड लागते मंडळी, की गळणाऱ्या दाराचंही मूळ शोधत बसावं!

तर मूळ आहे १९४० सालात. युरोपात युद्ध पेटलेलं, अमेरिका अजून उतरलेली नव्हती, पण उतरावं लागणार हे तिथल्या लष्कराला दिसत होतं. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात लष्कराने १३५ कारखान्यांना पत्रं धाडली. चारही चाकांनी ओढणारी, लहानशी, हलकी गाडी हवी, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. वजनाची अट होती १३०० पौंड, म्हणजे साधारण ५९० किलो. एवढ्या वजनात अशी गाडी होणं शक्यच नव्हतं, पुढे ती अट सैल करावी लागली. पण पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाने त्या वेळी पहिलं काय केलं असेल? जे जे नसलं तरी चालेल ते खोडून टाकलं असेल. दार हे त्यातलंच.

पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावून तो नमुना केला आणि २३ सप्टेंबर १९४० ला मेरीलँडमधल्या लष्करी तळावर नेऊन उभा केला. पुढे मोठी कामं मिळाली ती विलिस आणि फोर्ड या बड्यांना. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा तयार झाल्या. बिचारी बँटम बाजूला पडली. इतिहासात असं पुष्कळदा होतं, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

दाराच्या जागी काय होतं? एक पट्टा. कॅनव्हासचा पट्टा एका बाजूने दुसऱ्या बाजूला अडकवायचा, म्हणजे वळणावर माणूस बाहेर फेकला जाऊ नये. बस्स. सैनिकाला गाडीतून झटकन उडी मारता आली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. पाऊस आला तर वर कॅनव्हासचं हूड आणि बाजूला पडदे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर ही गाडी भर पावसाळ्यात चिखल तुडवत होती, तेव्हा आत बसलेला कोरडा राहील अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

आणि ती आडवी पडणारी काच! गाडी लपवायला उंची कमी व्हावी, समोर नेम धरायला मोकळं राहावं म्हणून ती काच चौकटीसकट पुढे पाडायची सोय होती. त्यासाठी काचेच्या चौकटीखाली बिजागऱ्या, आणि चौकट व पत्रा यांच्या मध्ये रबराची पट्टी. युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली. आपल्या गावात कुणी जीपची काच पाडून शेजाऱ्यावर नेम धरलेला मी तरी पाहिला नाही! पण ती बिजागरी पुढच्या पिढीतल्या कित्येक गाड्यांत राहिली, ती फट राहिली, आणि त्या फटीतून पाणी बरोबर चालवणाऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर येतं. १९४० सालचा निर्णय आजही गुडघ्यावर टपकतो आहे. वर्गात मुलांना सांगायला इतिहासाचं याहून सोपं उदाहरण मला मिळालं नसतं.

आता थोडं इंग्लंडकडे वळू, कारण दाराची गोष्ट तिथे पुढे सरकते. रोव्हर कंपनीचा मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स याची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेती होती आणि त्या शेतीवर तो युद्धातून उरलेली एक जीप वापरायचा. ती खिळखिळी झाल्यावर दुसरी आणायची तर पुन्हा अमेरिकन जीपच, दुसरं काही मिळत नव्हतं. त्यातून १९४७ मध्ये आपणच अशी गाडी करावी हा विचार निघाला आणि ३० एप्रिल १९४८ ला अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर उभी राहिली. तेव्हा इंग्लंडात पोलादाची टंचाई होती, म्हणून अंगाला अॅल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला आणि सांगाडा पोलादाचा ठेवला. सुरुवातीच्या दिवसांत दारंसुद्धा जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू होती! शेतकऱ्याला दार कशाला, असंच त्यांनाही वाटलं असावं.

त्या पहिल्या दारांना बाहेरून मूठच नसे. वरच्या पडद्याची झडप सरकवायची, हात आत घालायचा आणि आतली कडी ओढायची. कुलूपबिलूप काही नाही. आमच्या गावातल्या गोठ्याच्या बेड्यालाही याहून जास्त बंदोबस्त असतो. १९८० च्या दशकात वर-खाली होणाऱ्या काचेची एकसंध दारं आली, आणि त्यांच्यावर बाहेरून अंगठ्याने दाबायचं बटण. हीच गाडी १९९० पासून 'डिफेंडर' या नावाने विकली गेली. सोलिहलच्या कारखान्यात शेवटची जुनी डिफेंडर २९ जानेवारी २०१६ ला बाहेर पडली, तेव्हा कंपनी २००८ पासून आपल्या टाटांकडे होती. म्हणजे वेल्सच्या एका शेतकऱ्याच्या पावसात भिजलेल्या कल्पनेचा शेवटचा हिशेब मुंबईत मांडला गेला.

अॅल्युमिनियम आणि पोलाद या जोडीचं एक सांगून ठेवते, कारण पुढे उपयोगी पडेल. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ठेवले आणि मध्ये खारं किंवा घाणेरडं पाणी साचलं, की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडायला लागतं. त्या गाड्यांची दारं तळापासून कुजतात ती यामुळे. नुसतं पाणी आत येऊन फारसं बिघडत नाही, बिघडतं ते आलेलं पाणी साचून राहिलं की.

आपल्याकडे जीप रुजवली ती महिंद्रांनी. २ ऑक्टोबर १९४५ ला लुधियान्यात 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाने कंपनी सुरू झाली. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मुहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. चाळिशीच्या अखेरीस अमेरिकेतून सुट्या भागांची खोकी यायची आणि मुंबईत माझगावला त्यांची जुळणी व्हायची. नंतर कांदिवली, नंतर १९८० च्या दशकात नाशिक. विलिसने १९५३ मध्ये काढलेलं उंच बॉनेटचं मॉडेल अमेरिकेत केव्हाच बंद पडलं, पण त्याचा वंश आपल्याकडे कितीतरी दशकं चालू राहिला. तहसीलदाराची जीप, आरोग्य खात्याची जीप, वडापची जीप, लग्नाच्या वऱ्हाडाची जीप, सगळ्या त्याच कुळातल्या. आणि बहुतेकींना वर हूड, बाजूला पडदे.

त्या पडद्यांची मजा (!) मी घेतलेली आहे. शिक्षकाला निवडणुकीचं काम चुकत नाही. ग्रामपंचायतीच्या एका निवडणुकीला ऐन पावसात आम्ही सातजण आणि मतपेट्या एका सरकारी जीपमध्ये. पेट्या मध्ये, आम्ही कडेला. हूड कोरडं होतं तोवर शिवणीतून पाणी ठिबकत होतं, आणि चांगलं भिजल्यावर गंमत म्हणजे कमी झालं. सुती कॅनव्हासचं हेच वैशिष्ट्य आहे. सूत भिजून फुगतं आणि भोकं बुजतात. फक्त आतून बोट लावायचं नाही. आमच्यातल्या एका उत्साही गुरुजींनी फुगा आलेल्या जागी हाताने धक्का दिला आणि तिथून घाट उतरेपर्यंत धार लागली. कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही. पडवीला झापं बांधतो तेव्हा ती पाणी पूर्ण अडवत नाहीत, वाटेला लावतात. झडीचा जोर मोडला, माणसाला बसता आलं, की काम झालं.

पण शहरात मोटारी बघून आलेल्या माणसाला जीपलाही दार हवंसं वाटू लागलं, आणि ते चूकही नाही. सामान ठेवायचं असतं, कुलूप लावायचं असतं, थंडी-धुरळा असतो. कंपनीकडून पत्र्याची दारं आली, शिवाय गावोगावचे बॉडीवाले पत्र्याची बॉडी बांधून देऊ लागले. मूळ सांगाडा पट्टा अडकवण्यासाठी, त्यावर चौकट वेल्डिंगने जोडायची, दार बसवायचं, आणि अँबॅसेडरसारख्या मोटारींना असायचं तसलं बटणाचं हँडल लावायचं. हाताने बांधलेल्या बॉडीत प्रत्येक दाराची फट वेगळी. एका दाराला रबराची बीडिंग घट्ट होते म्हणून दार लागत नाही, दुसऱ्याला सैल म्हणून पाणी येतं. खडबडीत रस्त्यावर सांगाडा पिळवटतो तेव्हा चौकट एक आकार धरते आणि दार दुसरा.

आमच्या घरात अशीच एक गाडी आहे. लांब बॉडीची, चार दारांची, बॉडी घाटावरच्या एका शहरात बांधून घेतलेली. मागे मात्र पत्र्याचं दार नाही. तिथे पडदाच आहे, चामडी पट्टे आणि बकल असलेला. गाडी पुतण्याची. आंबे, खतं, सिमेंट, देवळातल्या उत्सवाची भांडी, सगळं तिच्यातून जातं. हल्ली त्याच्या मनात आलं आहे की तो मागचा पडदा काढून तिथेही पत्र्याचं दार बसवावं, म्हणजे पावसात माल भिजणार नाही. त्याचा मुद्दा खरा आहे. खताची पोती भिजली की पैसे बुडतात. माझा मात्र याला विरोध आहे, आणि तो का हे घरातल्या सगळ्यांना, पुण्या-मुंबईच्या आणि न्यू जर्सीच्याही, एकदा नीट कळावं म्हणून हा एवढा पाल्हाळ.

दाराला दोन कामं असतात. पाण्याला आत येऊ न देणं आणि माणसाला बाहेर जाऊ देणं. एरवी ही दोन कामं भांडत नाहीत. पुरात भांडतात.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला त्याच दिवशी १०० मिलिमीटरसुद्धा नव्हता, एवढी तऱ्हा! त्या दिवशी मुंबईत काही माणसं स्वतःच्या मोटारीत गुदमरून गेली. पाण्याने विजेची यंत्रणा बंद पडली, काचा खाली होईनात, दारं उघडेनात. चांगल्या, नव्या, थेंबही आत न येणाऱ्या गाड्या होत्या त्या. तेव्हापासून पावसाळ्यात गाडीत हाताशी हातोडी ठेवा असं सांगितलं जातं.

दार का उघडत नाही त्याचा हिशेब आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला फळ्यावर करून दाखवला होता. दार ८० सेंटीमीटर रुंद धरा. बाहेर पाणी दाराच्या तळापासून अर्धा मीटर वर, आणि आत कोरडं. तर त्या दारावर बाहेरून पडणारा भार होतो सुमारे १०० किलोंचा. पाणी एक मीटर झालं की तो दुप्पट होत नाही, चौपट होतो, ४०० किलो. सत्तरीच्या बाईने आतून काय ढकलायचं? आत पाणी शिरून दोन्हीकडची पातळी जवळपास सारखी होते तेव्हाच दार हलतं. म्हणजे गळकं दार पुरात लवकर उघडतं! ज्या फटीला आपण वर्षभर शिव्या घातल्या तीच उपयोगी येते. पण त्यासाठी खटका मोकळा हवा. भार उतरला तरी खटका अडकलेला असेल तर सगळं व्यर्थ.

आता २२ जुलै २०२१. त्या दिवशी वाशिष्ठीने चिपळूणचं काय केलं ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. आमची थोरली जाऊबाई खालच्या अंगाच्या घरात. पुतण्या पहाटे गाडी घेऊन त्यांना आणायला गेला, त्यांना मधल्या सीटवर बसवलं, पुढे नातीला घेतलं आणि वरच्या आळीकडे निघाला. बोळात पाणी चाकाच्या वर आलं तेव्हा गाडी बंद पडली. उजव्या बाजूला चिऱ्यांचा गडगा, दारं तिकडे उघडायला जागाच नाही. डावीकडचं पुढचं दार उघडलं, तो आणि मुलगी उतरले. जाऊबाईंच्या बाजूचं दार उघडेना. बाहेरून बटण दाबलं तर ते आत गेलं आणि आतच राहिलं. आतली कडी ओढली तरी तेच, कारण बटण काय आणि कडी काय, दोघांचा हात एकाच लॉकपर्यंत जातो, आणि गंजलं होतं ते लॉकच. मधल्या सीटवरून पुढे यायला वाट नाही. मागे मात्र सीटची पाठ आडवी होते.

मागचा पडदा. दोन बकल सोडली, एक सुटेना तर पट्टा कोयतीने कापला, आणि गुडघे दुखणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मागच्या मागे ओढून पाठुंगळी घेतलं. पाच-सात मिनिटांचं काम. जाऊबाई घरी येऊन पहिलं काय म्हणाल्या, तर "माझी चप्पल राहिली गाडीत." चहा घेतला, देवापाशी बसल्या आणि त्यानंतर चार दिवस फारसं बोलल्या नाहीत. अजूनही त्या दाराच्या बाजूला त्या बसत नाहीत.

पूर ओसरल्यावर गाडी चिखलातून काढली आणि मिस्त्री आला. मिस्त्री माझाच विद्यार्थी. इतिहासात कच्चा होता, पण तपासाची पद्धत अशी की कुठल्याही संशोधकाने शिकावी. तो म्हणाला, "बाई, बटण अडकतंय म्हणून बटण बदलायचं नाही. कोण अडकवतंय ते बघायचं." आधी त्याने दार खालून किंचित उचलून बटण दाबलं. तसं केल्यावर उघडलं असतं तर दोष बिजागरीचा, दार लोंबलं आणि लॉक चौकटीवरच्या खुंटीत आवळलं गेलं असा अर्थ. उघडलं नाही. मग आतलं रेक्झिनचं पॅनेल काढलं, हँडलचे स्क्रू सोडून हँडलच बाजूला केलं आणि स्क्रू ड्रायव्हरने लॉकची जीभ थेट दाबली. तीही जागची हलेना. म्हणजे दोष लॉकमध्ये. आणि हातात सुटं हँडल घेऊन बटण दाबलं तर तेही आळशासारखं परत येत होतं. म्हणजे दोन ठिकाणी.

पॅनेल काढलं तेव्हाच खरं कारण दिसलं होतं. दाराच्या पोटात चिखल होताच, पण चिखलाखाली जुन्या गंजाचा बोटभर थर होता, आणि तो काही एका पुराने येत नाही.

मंडळी, मोटारीच्या दारात पाणी शिरतंच, अगदी महागड्या गाडीच्याही. काच वर-खाली व्हायची तर तिच्या कडेला रबर असलं तरी थोडं पाणी आत ओघळणार. म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात, आलेलं पाणी खाली जायला. आमच्या गाडीची ती भोकं बंद होती. २०१९ च्या उन्हाळ्यात पुतण्याने गळती बंद करून घेतली होती, आणि ज्याने ती केली त्या कारागिराने दिसेल ते भोक पुटीने लिंपून टाकलं होतं. पाणी खालून येतं असं त्याला वाटलं असावं. एक पावसाळा पाणी दारात साचलं. मग २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे गाडी महिनोन् महिने जागेवर उभी. लॉक दाराच्या आत, खालच्या ओलीच्या वाफेत. गळती थांबवण्याच्या कामानेच खटका अडकवला होता.

दुरुस्ती त्या मानाने साधी. लॉक काढून रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवलं, सकाळी ब्रशने घासलं, जीभ मोकळी झाली. झिजलेली स्प्रिंग नवी घातली. हँडलचं बटण ज्या घरात सरकतं ते जस्ताच्या ओतीव धातूचं, त्याला आतून पांढरी भुकटी चढली होती. ती बारीक पॉलिश पेपरने काढली. तिथे आधी कोणीतरी घट्ट ग्रीस भरलं होतं, त्यात धूळ बसून त्याची खळ झाली होती. मिस्त्रीने ते पुसून नुसती ग्रॅफाइटची पूड फुंकली. बटणाच्या मागच्या टोकाला एक लहान स्क्रू असतो, लॉकच्या जिभेपासून किती अंतर ठेवायचं ते ठरवणारा. तो अगदी टेकवला तर जीभ कायम दाबलेली राहून दार धक्क्याने उघडतं, फार लांब ठेवला तर बटण पूर्ण दाबूनही खटका सुटत नाही. त्याने दोन-तीनदा लावून बघितलं, जरासं मोकळं ठेवलं, आणि चारही दारांचं असंच केलं. भोकं उघडली, तळाचा गंज खरवडला, लाल प्रायमर मारला.

मग गळतीकडे वळला. एकाने आत बसायचं टॉर्च घेऊन, दुसऱ्याने बाहेरून लोट्याने पाणी घालायचं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. वरून ओतलं तर पाणी कुठेही ओघळतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. आत मी बसले होते. बीडिंगला खडूची पूड चोळायची, दार लावायचं आणि उघडायचं. चौकटीवर जिथे खडू उमटला नाही तिथे रबर टेकतच नाही. फळ्याखेरीज खडूचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता! चार दारांपैकी दोघांना नवी बीडिंग लागली. काचेच्या चौकटीखालचं रबर बदललं, तरी तिथे जोराच्या पावसात थेंब येतोच. तो १९४० चा थेंब आहे, त्याला काही इलाज नाही.

आता मागच्या पडद्याबद्दल. पत्र्याचं दार बसवलं की चौथ्या बाजूलाही लॉक आलं, बटण आलं, बीडिंग आली, तळाला भोकं आली, आणि ती कोणीतरी लिंपणार हेही आलं. शिवाय त्या दिवशी मागे पत्रा असता तर काय झालं असतं, हे बोलायची या घरात कुणाची इच्छा नाही, पण विचार करावाच लागेल. जी गाडी दार नसताना जन्मली तिचा एक कोपरा तरी तसा राहू द्यावा. अमेरिकेत जीपच्या वंशातल्या रँगलरचे दरवाजे आजही काढता येतात. २०२१ पासून तिची जुळणी आपल्या रांजणगावला होते आहे, तीही तशीच आहे. बिजागरीचा बोल्ट सोडायला कोणतं पान लागतं ते बिजागरीवरच कोरून ठेवलेलं असतं. इतक्या वर्षांत ती कंपनी बऱ्याच हातांतून गेली, पण दार हे काढण्याजोगं असतं एवढं त्यांनी विसरू दिलेलं नाही.

पुतण्याशी बोलणं झालं. तो म्हणतो, "काकू, पोत्यांचं काय?" त्यावर तोडगा मिस्त्रीनेच काढला. पडदा नवा, जाड कॅनव्हासचा, खाली हातभर जास्त लांब, म्हणजे चाकाने उडणारं पाणी आत येणार नाही. शिवणीवर आतून मेण चोळायचं. पोत्यांखाली लाकडी फळ्या. आणि चामडी पट्ट्यांऐवजी नायलॉनचे, दाबलं की सुटणारे बकल, कारण भिजलेलं चामडं फुगतं आणि सुटत नाही, ते आपण पाहिलंच. हूडवाल्याने पडदा पुढच्या आठवड्यात द्यायचं कबूल केलं आहे. दर मे महिन्यात दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी करायचं काम नातीकडे आहे. चार दारांना मिळून बारा भोकं आहेत, आणि ती मोजून घेते.